क्लासमधलं गाणं नीट ऐकू यावं म्हणून

लातुरात औसा रोडला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी बायकांचा एरोबिक्सचा क्लास घेते. सकाळी एक बॅच, संध्याकाळी एक. खालच्या मजल्यावर 'नीट' परीक्षेची शिकवणी, बाजूला झेरॉक्सचं दुकान. लातुरात कुठल्याही इमारतीत असतं तसंच. हॉल लांबट आहे. खाली टाइल्स, एका बाजूला भिंतभर आरसा, समोरच्या बाजूला काचेच्या खिडक्या. गाणी मोबाईलवरून वाजतात. त्या मोबाईलमधलं गाणं शेवटच्या ओळीतल्या बाईच्या कानापर्यंत धड पोचावं म्हणून काय काय करावं लागलं ते इथं लिहितेय. गल्लोगल्ली झुम्बाचे आणि योगाचे क्लास निघालेत, आणि बहुतेक ठिकाणी गेलं की गाणं फाटत असतं. फाटलं की लोक मोठा स्पीकरचा बॉक्स आणतात. मोठ्या बॉक्सवर तेच गाणं आणखी मोठ्यानं फाटतं.

सुरुवातीला माझ्याकडं ब्लूटूथचा ट्रॉली स्पीकर होता. दहा-बारा बायका होत्या तोवर चाललं. बॅच भरायला लागली तसा तो पुरेना. मग एक वापरलेला पॉवर्ड बॉक्स, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, आणि चार चॅनलचा छोटा मिक्सर घेतला. मिक्सर म्हणजे वेगवेगळे आवाज जोडून कमी-जास्त करायची पेटी, चॅनल म्हणजे त्यातली एकेका आवाजाची जागा. दुकानदारानं सोबत वायर दिली. एका टोकाला मोबाईलची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला एक जाड पिन. लावली, आवाज दणक्यात आला. पण गाणं भलतंच वाजायला लागलं. मागचं व्हायोलिन पुढं, कोरस मोठा, ठेका कुठंतरी विहिरीत, आणि गाणारीचा पत्ताच नाही. पहिल्या ओळीतल्या काकू पाय उचलता उचलता थांबल्या. "ताई, बाजा वाजायलाय, पण बाई गाईनाच की!"

सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही, कारण बॉक्सचे पैसे नुकतेच गेले होते. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला मोबाईल बिघडलाय. मोबाईलवाल्यानं हेडफोन लावून दाखवला, गाणं व्यवस्थित. म्हणजे बॉक्स बिघडला, असं मीही धरून चालले.

बॅचमधल्या एका ताईंचा मुलगा मंडपवाल्याकडं साऊंडवर असतो. लग्नसराई नव्हती म्हणून तो एका संध्याकाळी येऊन गेला. त्यानं बॉक्सला हातसुद्धा लावला नाही. अर्धं गाणं ऐकलं, माझा मोबाईल मागितला, सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडली आणि तिथलं 'मोनो ऑडिओ' चालू केलं. त्याबरोबर आवाज बंद. मिक्सरचे सगळे खटके चालू, मोबाईलवर गाणं पुढं सरकतंय, आणि हॉलमध्ये चिडीचूप. मोनो बंद केलं की तेच बिनगाणारीचं गाणं परत सुरू. असं त्यानं दोन-तीनदा करून दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, बॉक्स चांगलाय. वायर बदला."

मग त्यानं मिक्सरवर बोट ठेवून समजावलं. गाण्याला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात, तो स्टीरिओ. दोन्ही मिळून एकच केली की मोनो. गाणारीचा आवाज, मुख्य ढोल, बास हे सहसा दोन्ही बाजूंना सारखेच भरलेले असतात, म्हणून ते मधोमध ऐकू येतात. व्हायोलिन, कोरस, घुमारा हे दोन बाजूंना थोडे वेगवेगळे. मिक्सरची जाड पिनची जागा मात्र एकाच आवाजासाठी केलेली असते. तो आवाज दोन तारांवरून येतो, एका तारेवर सुलटा, दुसरीवर उलटा. मिक्सर एकातून दुसरा वजा करतो, म्हणजे वाटेत वायरनं पकडलेली घरघर दोन्हीकडं सारखी असल्यामुळं गळून पडते. युक्ती माईकसाठी झकास आहे. पण तिथं मोबाईलची स्टीरिओ वायर एका पिननं खुपसली की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. जे दोन्हीकडं सारखं ते शून्य. म्हणजे गाणारी शून्य, ढोल शून्य. मोनो चालू केल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत एक झाल्या, म्हणून सगळंच शून्य.

ज्यांच्या क्लासमध्ये गाणं वाजतं पण शब्द कळत नाहीत त्यांनी आधी ही मोनोची तपासणी करावी. पैसा लागत नाही. आवाज पूर्ण गेला तर वायर चुकीची आहे असं समजा. बरोबर वायरला एका टोकाला बारीक स्टीरिओ पिन असते आणि दुसऱ्या टोकाला दोन जाड मोनो पिना, एक डावी, एक उजवी. त्या मिक्सरच्या स्टीरिओ चॅनलच्या दोन भोकांत जातात. गंजगोलाईत गेले. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मला दर वेळी भलत्याच रस्त्यानं बाहेर पडायची सवय आहे, पण वायर मिळाली. गाणारी परत आली. आता बॉक्स एकच असल्यामुळं मोनो ऑडिओ मी मुद्दाम चालू ठेवते, म्हणजे एका बाजूचं वाद्य हरवत नाही.

माझ्या नव्या मोबाईलला हेडफोनची पिनच नाही. त्यासाठी टाइप-सी कन्व्हर्टर लागतो आणि त्यात दोन जाती आहेत. काहींच्या आत आवाज तयार करणारी छोटी चिप असते, काही नुसते तारेचे तुकडे असतात आणि ठरावीक मोबाईललाच चालतात. दिसायला दोन्ही सारखे. दुकानातच आपला मोबाईल लावून, गाणं ऐकून मगच पैसे द्यावेत.

"ब्लूटूथच लावायचं ना मग, वायरीचा ताप कशाला?" हे मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. ब्लूटूथ वाईट नाही. पण मी मोबाईल कमरेच्या पाऊचमध्ये ठेवून क्लास घ्यायचे तेव्हा बॉक्सकडं पाठ केली की गाणं अडखळायचं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाचं अंग, ज्यात निम्म्याहून जास्त पाणी, ती लहर बऱ्यापैकी गिळतं. त्यात पंचवीस-तीस बायका मध्ये हलणार, शिवाय इमारतीतले वायफाय त्याच लहरीवर. दुसरं म्हणजे ब्लूटूथवर गाणं पाठवताना ते पुन्हा एकदा दाबलं जातं, म्हणजे त्यातलं थोडं गाळून लहान केलं जातं. एसबीसी हा दाबायचा प्रकार प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला असतोच. एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी हे दोन्हीकडं असतील तरच चालतात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये सध्या कुठला चालू आहे ते दिसतं. माझा ट्रॉली स्पीकर एसबीसीवरच चालतो. चांगल्या गाण्याला एसबीसीनं फार फरक पडत नाही, हे मी दोन्ही ऐकून सांगते. आधीच दाबून आलेल्या गाण्याला मात्र पडतो.

आणि माझी गाणी तशीच होती. वायर बदलून आवाज स्वच्छ झाला तेव्हा कळलं की गाणीच घाण आहेत. आमच्याकडं गाणं येतं कसं? कुणीतरी स्टेटसला व्हिडिओ ठेवतं, तो ग्रुपवर फिरतो, मग कुठल्याशा साईटवरनं त्याचं एमपीथ्री होतं. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळतं, आणि आधी गळतात ते वरचे बारीक आवाज. झांजेची किणकिण, टाळीची कडा, 'स' आणि 'श'. हेडफोनवर ते चालून जातं, मोठ्या बॉक्सवर झांज पाण्याखाली वाजल्यासारखी 'स्वस्व' करते. वर साईटवाले '३२० केबीपीएस' असं लेबल लावून देतात. केबीपीएस म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला किती माहिती भरलीय त्याचं माप. चिपाडं पुन्हा चरकात घातली म्हणून रस निघत नाही. एकदा गेलेलं फाईल मोठी करून परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरनं गाणं पाठवायचंच असेल तर मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, ती जशीच्या तशी जाते. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो.

मी सगळी जुनी यादी पुसून टाकली आणि गाणी नव्यानं जमवली. स्ट्रीमिंगचं अ‍ॅप वापरणाऱ्यांनी त्याची क्वालिटी एकदा बघावी. स्पॉटिफायवर 'लो' म्हणजे साधारण २४ केबीपीएस, 'नॉर्मल' ९६, 'हाय' १६० आणि 'व्हेरी हाय' ३२०, ते पैसे भरणाऱ्यांनाच, आणि तेही सगळ्या प्लॅनमध्ये नाही. 'ऑटोमॅटिक' ठेवलं की नेटवर्क बघून ते आपलं आपण खाली येतं, आणि आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी नेटवर्कची बोंबच असते. म्हणून गाणी आधी डाउनलोड करायची. डाउनलोडची क्वालिटी वेगळ्या जागी निवडावी लागते, हे बऱ्याच जणांना दिसतच नाही. डेटा सेव्हर बंद. जाता जाता, हे सबस्क्रिप्शन स्वतः ऐकण्यापुरतं असतं. क्लासमध्ये रेकॉर्डेड गाणी वाजवायला वेगळा परवाना लागतो आणि पीपीएल, आयपीआरएस यांसारख्या संस्था तो देतात. क्लास काढणाऱ्यानं तोही खर्च धरावा.

गाण्याच्या वेगाबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. एरोबिक्सला मिनिटाला १३० ते १४५ ठेके लागतात आणि ३२ मोजांचे तुकडे (एका ठेक्याला एक मोज) सरळ पडावे लागतात. अ‍ॅपमधून गाण्याचा वेग वाढवता येतो, सूर तोच ठेवून. थोडासा वाढवला तर कळत नाही. पण १०० चं गाणं ओढून १३५ ला नेलं की ढोलाचा फटका फटका राहत नाही, त्याचा चिखल होतो आणि बायकांचे पाय पडायला अर्धा क्षण उशीर होतो. मूळचंच वेगाचं गाणं शोधावं. नसेल तर ते आवडतं गाणं शेवटच्या स्ट्रेचिंगला ठेवावं.

मग बटणं. मोबाईलच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे चढवायच्या-उतरवायच्या जागी, माझा बास पूर्ण वर होता, वर 'बास बूस्ट' चालू, वर डॉल्बी. गाणं मुळात काठोकाठ भरलेलं असतं. त्यात बास सहा डेसिबलनं चढवला म्हणजे तेवढ्या पट्ट्याला चौपट ताकद मागितली. ती मोबाईलमध्ये नसते, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो. आपण ज्याला फाटणं म्हणतो ते हेच, आणि ते मोबाईलमध्येच झालेलं असतं. पुढचा बॉक्स लाखाचा असला तरी तो फाटकंच वाजवणार. मंडपवाल्याच्या त्या पोरानं सगळं सपाट केलं आणि सांगितलं, "चढवायचं नाही मॅडम, जे जास्त वाटतंय ते उतरवायचं." मोबाईलचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास, मिक्सरच्या चॅनलचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते बटण, इतकाच की सगळ्यात दणक्याच्या जागीही लाल लाईट लागू नये, आणि हॉलमधला आवाज कमी-जास्त करायचा तो शेवटच्या मास्टर बटणानं. उलटं केलं, म्हणजे मोबाईल हळू आणि मास्टर पूर्ण, की मागं 'सूऽऽ' असा वारा सुटतो. अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय असते. ती चालू, पण 'नॉर्मल'वर. 'लाऊड'वर ठेवली की गाणं चेपलं जातं.

चार्जरची गोष्ट छोटीच आहे. मोबाईल चार्जिंगला लावून गाणं लावलं की बॉक्समधून घरघर, पिन काढली की गप्प. इमारत जुनी, अर्थिंगचा भरवसा नाही. ही घरघर अडवायला वायरीच्या मध्ये लावायची ग्राउंड लूप आयसोलेटरची डबी मिळते, पण मी ती घेतली नाही. मोबाईल घरूनच चार्ज करून आणते, आणि क्लासला आल्यावर फ्लाइट मोड, नाहीतर ऐन रंगात कुणाच्या तरी सासूबाईंचा फोन बॉक्सवर वाजतो.

हॉलनं मात्र सगळ्यात जास्त छळलं. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली की 'टर्रर्र' असं उत्तर यायचं. आरसा आणि समोरच्या काचा एकमेकींकडं तो आवाज फेकत राहतात. ठेका मिनिटाला १४० आणि प्रत्येक ठेक्याला शेपूट, मग शब्द कसे कळणार? बॉक्स कोपऱ्यात जमिनीवर होता. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून बास फुगवतात, आणि वरचे बारीक आवाज पहिल्या ओळीच्या पोटऱ्यांत अडकतात. बॉक्स स्टँडवर चढवला, डोक्यांच्या किंचित वर, कोपऱ्यापासून चांगला लांब, आणि तोंड आरशाकडं न ठेवता हॉलच्या लांबीकडं. नुसत्या त्यानं शेवटच्या ओळीच्या तक्रारी निम्म्या झाल्या.

बॉक्सच्या समोर येणाऱ्या मागच्या भिंतीला काय लावायचं यावर बराच खल झाला. फोमचे तयार तक्ते महाग आणि दिसायलाही पातळ. शेवटी एक आजी म्हणाल्या, "माझ्याकडं ढीगभर वाकळा पडल्यात. सुना वापरीनात." मागच्या भिंतीला दोरी बांधून जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळा टांगल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. खिडक्यांना दुहेरी पडदे. टाळी वाजवली तर आता 'टप्'. वाकळीनं बास शोषला जात नाही, त्याला फार जाडी लागते. पण शब्दाची कडा असते त्या आवाजांना ती चांगली पुरते. हॉल दिसतो मात्र बाळंतिणीच्या खोलीसारखा, हे मान्य. आणखी एक, आवाज रिकाम्या हॉलमध्ये जुळवून ठेवला की बॅच भरल्यावर तो मंद वाटतो, कारण बायकांची अंगं आणि कपडेही आवाज पितात. म्हणून शेवटचं जुळवणं वॉर्म-अप चालू असतानाच करते.

सूचना देताना ओरडून माझा घसा बसायचा, म्हणून डोक्याला लावायचा माईक घेतला. आता माझा आवाज आणि गाणारीचा आवाज एकाच जागेसाठी भांडायला लागले. शब्द ओळखू येतात ते साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. गाण्याच्या चॅनलवर मधल्या आवाजांचं बटण थोडं उतरवलं, माईकच्या चॅनलवर खालच्या जाड आवाजांचं उतरवलं, आणि "आता गुडघा वर" हे चार मोज आधी म्हणायची सवय लावली. मग ओरडावं लागत नाही. ओरडावं लागलं नाही की गाणंही खाली ठेवता येतं.

किती खाली, हे मी मोबाईलच्या डेसिबल अ‍ॅपवर बघितलं. ते अ‍ॅप बिनचूक नसतं, अंदाज देतं. पहिल्या ओळीत ९५ च्या आसपास आकडा होता. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं कामाच्या जागेसाठीचं मोजमाप असं आहे : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास. बायका एक तास येतात, मी दोन बॅच घेते. माझ्याच कानाचा हिशेब चुकत होता. आता पहिल्या ओळीला ८५ च्या आत ठेवते. सुरुवातीला "जोश येईना" अशी कुरकुर झाली. शब्द कळायला लागल्यावर बायका गाण्याबरोबर गायला लागल्या आणि कुरकुर थांबली.

उन्हाळ्यात आणखी एक पेच असतो. सात वाजताच लातूर तापायला लागतं, म्हणून सगळ्यांना बॅच साडेपाचला हवी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. बंद हॉलच्या आतल्या आत वापराला सूट आहे, पण मे महिन्यात खिडक्या बंद ठेवून उड्या मारायला कोण तयार होणार? म्हणून सहापर्यंत खिडक्या उघड्या आणि बॉक्स बंद. वॉर्म-अप नुसत्या आकड्यांवर, सगळ्या मिळून मोजतात. सहाला गाणं.

लाईट गेली की जुना ट्रॉली स्पीकर कामाला येतो, त्याला बॅटरी आहे. त्यासाठी मोबाईल खिशातून काढून स्पीकरवरच ठेवते, म्हणजे मध्ये कुणाचं अंग येत नाही आणि गाणं अडखळत नाही.

राहता राहिली खालची शिकवणी. वाकळा, पडदे, सगळं करून झालं तरी बास फरशीतून खाली जातोच. तिथले सर एकदा जिना चढून वर आले. "मॅडम, पोरांचे बाक हालायलेत." स्टँडच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले, मिक्सरवर लो-कटचं बटण दाबलं, म्हणजे अगदी तळातला धडधडाट निघून गेला. बराच फरक पडला, पूर्ण नाही. उड्यांचा आवाज तर कुठल्याच बटणानं जात नाही. आता त्यांची टेस्ट असते त्या दिवशी ते दुपारीच मेसेज टाकतात आणि आम्ही त्या संध्याकाळी चटया अंथरून जमिनीवरचे व्यायाम घेतो.